नवागत कामगार आणि परिचय-चित्रफीत : एक अभ्यास

बी. ए. द्वितीय वर्ष

रोवणीचे दिवस आपल्या भंडारा जिल्ह्यात सर्वांच्याच परिचयाचे आहेत. पऱ्हे उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवले की पहिले काही दिवस ते मलूल आणि पिवळसर दिसते. जाणता शेतकरी त्या दिवसांत बांधीतल्या पाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. एकदा का मूळ धरले, की निम्मी काळजी सरते. नव्या कामावर गेलेल्या माणसाची स्थितीही अशीच असते. जागा नवी, माणसे नवी, यंत्रे नवी. काय विचारावे हे कळत नाही आणि कळले तरी विचारण्याचा संकोच वाटतो. अशा माणसाला कामाची, जागेची, माणसांची आणि धोक्यांची ओळख करून देण्याला कारखान्यांत ‘इंडक्शन’ म्हणतात. आपण त्याला परिचय-प्रशिक्षण म्हणू. आजकाल हे काम बहुतेक ठिकाणी चित्रफीत दाखवून उरकले जाते. ही चित्रफीत कशी असावी, तिची आखणी कोठून सुरू करावी आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा करू नये, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याची दोन उत्तरे आहेत. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझे बाबा मँगनीजच्या खाणीत काम करीत, दादा यंत्रावर काम करतो आणि आई विड्या वळते. नोकरीचा पहिला दिवस हा आमच्या घरात नेहमीच्या बोलण्यातला विषय आहे. दुसरे उत्तर असे की, आपल्या जिल्ह्यात पुष्कळांसाठी कामावर जाणे म्हणजे जोखमीच्या जागी जाणे होय. तुमसर तालुक्यात चिखला येथे जमिनीखाली आणि डोंगरी बुजुर्ग येथे उघड्यावर मँगनीज काढले जाते. वरठीला पोलाद होते, गडेगावला मोटारगाड्यांचा कारखाना आहे आणि धानाच्या गिरण्या तर जागोजागी आहेत. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि कित्येक कामगारांचा त्यात अंत झाला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही आणि तेवढा माझा अधिकारही नाही. परंतु त्या दिवसानंतर, कामाच्या जागेविषयी कामगाराला काय काय ठाऊक असते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, एवढे खरे.

जुनी रीत आणि कायदा

चित्रफिती नव्हत्या तेव्हाही नवा माणूस शिकतच होता. मुकादम त्याला एखाद्या जुन्या कामगाराच्या हाताखाली देई आणि सांगे, ‘याच्यासंगं राहा, पाहून शिक.’ या रीतीत मोठा गुण होता. शिकवणारा समोर असे, चूक झाली की तेथल्या तेथे हात धरी आणि आपल्याच बोलीत बोले. दोष असा, की जुन्या माणसाच्या चांगल्या सवयींबरोबर त्याच्या वाईट सवयीही नव्याकडे जात. शिकवणारा घाईत असला तर शिकणाऱ्याचे नशीब, असाच सारा प्रकार होता.

हे सारे नशिबावर सोडून चालणार नाही, हे खाणींच्या बाबतीत लवकर ओळखले गेले. १९५२ च्या खाण कायद्याखाली १९६६ मध्ये व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम करण्यात आले. नव्या माणसाला प्रशिक्षण दिल्याशिवाय कामावर घेऊ नये आणि ठरावीक काळाने जुन्यांचीही उजळणी घ्यावी, असा त्यांचा आशय होता. कारखान्यांच्या बाबतीत मात्र डोळे उघडायला भोपाळ घडावे लागले. डिसेंबर १९८४ मधील त्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामातील धोक्यांची माहिती मिळणे आणि सुरक्षिततेचे शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून तीत नमूद झाला. येथे ‘हक्क’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. परिचय-प्रशिक्षण हा मालकाने केलेला पाहुणचार नाही. ते कामगाराचे देणे आहे.

बाबा आपल्या प्रशिक्षणातली एक गोष्ट अजून सांगतात. जमिनीखाली कामाच्या जागी गेल्यावर प्रथम छताला सब्बल ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर थर सुटला आहे, मागे सरायचे आणि मेटला सांगायचे. हा आवाज त्यांना ठोकून, ऐकवून शिकवला होता. माझ्या दृष्टीने हे फार बोलके उदाहरण आहे. सब्बल कशी धरावी, स्वतः कोठे उभे राहावे आणि कोणत्या दिशेने मागे सरावे हे चित्रफीत उत्तम दाखवील. कान मात्र छताखालीच तयार होईल. चित्रफितीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या एकाच उदाहरणात आली आहे.

चित्राने शिकवण्याची परंपरा

चलच्चित्राने शिकवणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी वाटाण्याचे बी कुंडीत लावून त्याच्या वाढीची चित्रे दिवसांमागून दिवस टिपली आणि त्यांचा छोटा चित्रपट केला. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. त्यात एकही शब्द नव्हता आणि तरीही पाहणाऱ्याला सारे समजले. डोळ्यांना जे एरवी दिसत नाही ते दाखवणे हे चित्रफितीचे खरे काम आहे, हा पहिला धडा आपल्याला घरच्याच माणसाकडून मिळालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत पूर्वी कधी यंत्राला हात न लावलेली लक्षावधी माणसे, त्यात असंख्य स्त्रिया, एकाएकी कामावर आली. त्यांच्यासाठी तेथील शिक्षण खात्याने शेकडो बोधपट काढले. यात शिकण्यासारखी गोष्ट अशी की, बोधपटाबरोबर स्थिर चित्रांची एक पट्टी आणि शिक्षकासाठी एक पुस्तिका दिलेली असे. म्हणजे चित्रपट एकटा पाठवायचा नाही, त्याच्यासोबत शिकवणारा माणूस हवा, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

आपल्या देशात १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शिक्षणपर दूरदर्शन कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. पुढे २००६ च्या सुमारास कर्नाटकात ‘डिजिटल ग्रीन’ या नावाने शेतकऱ्यांसाठी एक निराळा प्रयोग सुरू झाला. तेथे पडद्यावर तज्ज्ञ दिसत नसे, तर आसपासच्याच गावचा शेतकरी दिसे. गावातील एक व्यक्ती फीत मध्येच थांबवून ‘हे तुम्ही कसे करता?’ असे विचारी, चर्चा घडवी आणि मग पुढे जाई. पडद्यावर आपल्यासारखा माणूस आणि पडद्याशेजारी बोलणारा माणूस, या दोन गोष्टी चांगल्या परिचय-चित्रफितीचा पाया आहेत असे मला वाटते.

सही आधी, फीत नंतर

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. दादा एका कारखान्यात कंत्राटी कामावर लागला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी दहा-बारा मुले होती. त्यांना एका खोलीत बसवले. प्रथम एक रजिस्टर फिरले, त्यात ‘सुरक्षा प्रशिक्षण घेतले’ यापुढे सर्वांनी सह्या केल्या. त्यानंतर पडदा लागला. सुरुवातीला आकाशातून घेतलेले कारखान्याचे दृश्य, मग संस्थापकांचे चरित्र, मग कोठे कोठे माल जातो त्याचा नकाशा, मग संचालकांचे भाषण. निवेदन इंग्रजी शब्दांनी भरलेल्या हिंदीत. सुरक्षिततेचा भाग शेवटी आला आणि झपाट्याने गेला. संध्याकाळी घरी आल्यावर मी दादाला विचारले, ‘यंत्र एकदम बंद करायचं बटन कुठं आहे?’ तो म्हणाला, ‘फितीमधी होतं, पण ते दुसऱ्याच यंत्राचं होतं. आमच्या यंत्राचं उद्या कोनाले तरी विचारतो.’

फीत सुबक होती, खर्चही भरपूर झाला असणार. पण ती दादासाठी नव्हती. ती पाहुण्यांना आणि गिऱ्हाइकांना दाखवण्याजोगी होती. आणि ते रजिस्टर तर कोणासाठी होते, हे सांगायला नको. उद्या काही बरेवाईट झाले तर ‘आम्ही शिकवले होते, ही पाहा सही’ असे म्हणण्याची ती सोय होती. माझ्या मते परिचय-चित्रफितीचा सारा प्रश्न येथे आहे. ती कोणाच्या रक्षणासाठी केली जाते, नव्या कामगाराच्या की संस्थेच्या? याचे उत्तर मनाशी स्पष्ट असेल तर पुढची आखणी अवघड नाही.

आखणी कशी करावी

(१) प्रश्नांपासून आरंभ. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांत कामावर लागलेल्या आठ-दहा जणांना भेटावे आणि ‘पहिल्या दिवशी तुम्हाला काय ठाऊक नव्हते? काय विचारायची लाज वाटली?’ असे विचारावे. मी हेच दादाला, त्याच्या दोन मित्रांना आणि शेजारच्या एका ताईंना विचारून पाहिले. उत्तरे अशी आली : डबा कोठे ठेवायचा, संडास कोठे आहे, पाणी कोणते प्यायचे, यंत्र कसे थांबवायचे, लागले तर कोणाला सांगायचे, पगार कोणत्या तारखेला होतो, भविष्य निर्वाह निधी कापतात तो कोठे जातो. संस्थापकांचे चरित्र कोणीही विचारले नाही.

(२) निवड. सर्व काही एका फितीत कोंबू नये. ज्याच्यावाचून पहिल्या दिवशी जीव किंवा अब्रू धोक्यात येईल ते प्रथम घ्यावे. बाहेर पडण्याची वाट, यंत्र थांबवण्याची रीत, भोंग्याचा अर्थ, कोठे पाऊल टाकायचे नाही आणि मदत कोणाकडे मागायची, या पाच गोष्टी पुरेशा आहेत. इतर माहिती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निराळ्या छोट्या फितींतून द्यावी. तीन-चार मिनिटांच्या पाच फिती या अर्ध्या तासाच्या एका फितीपेक्षा बऱ्या, कारण हवी तीच पुन्हा पाहता येते.

(३) स्त्री कामगारांचा विचार. शेजारच्या ताईंनी सांगितलेली गोष्ट मला स्वतःला सुचली नसती. त्या म्हणाल्या, ‘कोणी वाईट वागला तर कोनाले सांगाचं, हे कोनी सांगतच नाही.’ २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे आवश्यक केले आहे. तिच्याकडे कसे जायचे हे फितीत स्पष्ट सांगायला हवे.

(४) दोन रकान्यांची संहिता. कागदाच्या डाव्या रकान्यात काय दिसेल ते लिहावे, उजव्या रकान्यात काय ऐकू येईल ते. लिहून झाल्यावर उजवा रकाना हाताने झाकावा. केवळ दृश्यांवरून मुख्य गोष्ट समजत असेल तर आखणी बरोबर आहे. यंत्रांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही आणि प्रत्येकाला वाचता येतेच असे नाही, म्हणून ही कसोटी महत्त्वाची आहे.

(५) खरी जागा, खरी माणसे. दादाच्या फितीतले यंत्र दुसरेच होते, म्हणून ती निरुपयोगी ठरली. ज्या दारातून नवा माणूस आत येणार तेच दार, त्याच उंचीवरून, त्याच्या डोळ्यांना दिसेल तसे दाखवावे. पडद्यावर तेथलाच एखादा अनुभवी कामगार असावा. त्याची संमती मात्र आधी घ्यावी.

(६) चुकीचे दृश्य जपून. ‘असे करू नका’ म्हणून चुकीची कृती रंगवून दाखवली, तर तीच लक्षात राहण्याचा संभव असतो. चूक थोडक्यात दाखवावी, बरोबर कृती सावकाश दोनदा दाखवावी आणि शेवट बरोबर कृतीनेच करावा.

(७) बदलणारे तपशील बाहेर. अधिकाऱ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक, पगाराच्या तारखा फितीत घातल्या तर वर्षभरात ती जुनी होते. हे सारे एका छापील चिठ्ठीवर द्यावे. चिठ्ठी खिशात राहते, शिवाय बदलणे स्वस्त पडते.

(८) परीक्षा फितीची. फीत तयार झाली की ती तीन नव्या माणसांना दाखवावी आणि नंतर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला आपल्याकडे सर्वजण ‘हो’ म्हणतात. त्यांना यंत्राजवळ नेऊन ‘बंद करून दाखवा’ असे म्हणावे. हात अडखळला तर दोष माणसाचा नाही. फीत दुरुस्त करावी.

भाषेचा प्रश्न

आपल्या भागात हा प्रश्न विशेष नाजूक आहे. येथे झाडीबोली बोलली जाते. बालाघाटकडून येणाऱ्या कामगारांची भाषा हिंदी असते आणि काहींच्या घरी गोंडी. शुद्ध पुस्तकी मराठीतील ‘यंत्रपट्ट्याच्या सान्निध्यात जाणे टाळावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण धोक्याच्या क्षणी ते कानात उमटणार नाही. ‘पट्ट्याजवर जाऊ नोको’ हे उमटेल. बोलीत बोलणे म्हणजे गावंढळपणा, ही समजूत आपण वर्गात शिकलो असू, तर ती कारखान्याच्या दारात सोडून दिली पाहिजे. झाडीपट्टीची नाटके आणि दंडार रात्र-रात्रभर माणसे बसवून ठेवतात, कारण प्रेक्षकाला पडद्यापलीकडचा माणूस आपला वाटतो. फितीतील निवेदन लिहिणाऱ्याने एक रात्र त्या प्रेक्षकांत बसून काढावी, असे मी सुचवीन.

एक नमुना : धानाची गिरणी

उदाहरणादाखल धान गिरणीसाठी चार मिनिटांच्या फितीचा आराखडा देते.

पहिले दृश्य : नवा कामगार फाटकातून आत येतो. गिरणीतीलच एक जुनी बाई किंवा माणूस त्याला नावाने हाक मारतो आणि सोबत घेतो. दुसरे : डबा, पाणी, संडास. यात वेळ घालवू नये, पण वगळूही नये. पोटातील काळजी मिटल्याशिवाय डोके ऐकत नाही. तिसरे : खांद्यावरचा दुपट्टा काढून खुंटीला टांगणे, स्त्रियांनी पदर खोचणे व केस बांधणे, आणि त्याच वेळी फिरता पट्टा जवळून दाखवणे. शब्दांची गरज नाही. चौथे : यंत्र बंद करण्याची कळ. हात कळीपर्यंत जातो, पट्टा थांबतो, हे दोनदा. धान अडकले तर आधी कळ, मग हात, हा क्रम येथेच ठसवावा. पाचवे : कोंड्याची आणि तुसाची धूळ, नाकातोंडावर बांधलेले फडके, आणि धुळीत विडी पेटवू नये ही सूचना. सहावे : पोत्यांची थप्पी, तिच्या कडेला झोपू नये. सातवे : आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर, आणि बाहेर कोठे जमायचे. आठवे : जखम झाल्यास कोणाकडे जायचे. शेवटी तो जुना कामगार कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतो, ‘काही समजलं नसन तर मले विचारा.’

फीत येथे थांबवावी आणि तोच माणूस खोलीत प्रत्यक्ष उभा असावा. मग प्रश्न, मग गिरणीतून एक फेरी आणि शेवटी सही. सहीची जागा शेवटी आहे, हे पुन्हा सांगते.

उपसंहार

अशा फितीला खर्च फारसा नाही. साध्या मोबाइलवर ती होऊ शकते. लागतो तो वेळ, आणि नवख्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची तयारी. लहान गिरण्या, विटांच्या भट्ट्या आणि दुकाने यांना असे काही करून देणारा कोणी नसतो. येथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना काम आहे. प्रश्न विचारून उत्तरे टिपणे हे समाजशास्त्राचे काम, माणूस का बुजतो हे ओळखणे मानसशास्त्राचे आणि त्याच्या बोलीत नेमके वाक्य लिहिणे भाषेच्या अभ्यासकाचे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडले जातात, झाडे लावली जातात. एका वर्षी शिबिराच्या गावातील एखाद्या गिरणीसाठी चार मिनिटांची फीत करून पाहावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे.

आणि दुसरी सूचना घरचीच. दर जून महिन्यात आपल्या महाविद्यालयात कितीतरी मुले-मुली अशा घरांतून येतात, की ज्यांच्या घरी ‘बोनाफाईड’ म्हणजे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि ग्रंथालयाचे कार्ड कसे मिळते हे सांगणारे कोणी नसते. त्यांच्यासाठी पहिली फीत आपणच का करू नये? द्वितीय वर्षाच्या आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसाचे प्रश्न अजून आठवतात. वरच्या वर्गात गेल्यावर ते विसरायला होतात, म्हणून हे काम याच वर्षी हाती घेतलेले बरे. प्रश्नांची यादी करायला मी सुरुवात केली आहे. ज्यांना भर घालावीशी वाटेल त्यांनी मराठी विभागात येऊन अवश्य भेटावे.